रेडियमचा आश्विन

भात कापणीला आलं की इथल्या हवेत एक कोरडा, गोडसर वास पसरतो. चार महिने भिजून फुगलेलं सगळंच एकदम वाळायला लागतं. गवत, भिंती, दारांच्या चौकटी, अंथरुणं. दुपारचं ऊन असं पडतं की अंगणात पाऊल टाकताना डोळे आपोआप बारीक होतात. आता आमच्या घरापासून मसाटच्या बाजूला कारखान्यांची रांग झाली आहे, त्यामुळे तो वास पूर्वीसारखा सरळ येत नाही. रबराच्या, रंगाच्या वासातून वाट काढत येतो. पण येतो. लोकांना आश्विन म्हटलं की आकाशकंदील आठवतात. मला रेडियम आठवतं.

साठ ते सत्तरच्या मधली ती वर्षं. पोर्तुगीज जाऊन फार काळ लोटला नव्हता. सिल्वासात नव्या शाळा निघत होत्या आणि त्यांना शिक्षक मिळत नव्हते. आम्ही दापोलीकडचे. ह्यांना मराठी शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली, आणि लग्नानंतर मी आणि सासूबाई ह्यांच्यामागून इथे आलो. कौलारू भाड्याचं घर होतं. पुढे एक खोली, मधे स्वयंपाकघर, मागे पडवी. पडवीच्या पुढे अंगण, आणि कुंपणापलीकडे किलवणीच्या वाटेपर्यंत नुसतं भात आणि गवत. त्या दिवसांत गवत कापून त्याच्या गासड्या बांधत आणि बैलगाड्यांनी वापीला नेत. दिवसभर त्या गाड्यांची कुरकुर कानावर असायची.

ह्यांना कणांचं वेड होतं. शाळेत शिकवून मन भरायचं नाही म्हणून घरी येऊन मला शिकवायचे. मी पोळ्या लाटत असायची आणि हे पाटावर बसून सांगायचे, "सुधा, ही पोळी, हा तवा, तू आणि मी, सगळं त्याच दोन-तीन कणांचं बनलंय. प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन. फरक फक्त मांडणीचा."

"मग मला तव्याचा चटका का बसतो?"

"मांडणी बिघडते म्हणून."

एकदा कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं की प्रोटॉनच्याही आत आणखी काही बारीक कण असावेत, अशी कोणी अटकळ बांधली आहे. त्या संध्याकाळी हे जेवताना घास हातात धरून बसले होते. "म्हणजे आपण ज्याला शेवट म्हणून शिकवतो, तो शेवट नाहीच," असं स्वतःशीच म्हणाले. मग म्हणाले, "इलेक्ट्रॉन मात्र अजून कोणाला फोडता आलेला नाही. या घरातली सगळ्यात लहान वस्तू म्हणजे तो." सासूबाई दाराशी वाती वळत होत्या. त्यांनी विचारलं, "वसंता, इतकी लहान वस्तू हरवली तर सापडायची कशी रे?" आम्ही तिघंही हसलो. त्यानंतर त्या घरात तसं हसू बरेच दिवस आलं नाही.

श्रावणात सासूबाईंना अंगावरून जायला लागलं. त्यांनी ते लपवलं. त्या काळी बायका लपवतच. गणपती झाल्यावर एक दिवस त्या मोरीतच कोसळल्या तेव्हा कळलं. इथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि ह्यांना बाहेर बोलावून मुंबईला न्यायला सांगितलं. पिशवीचा आजार आहे म्हणाले. कॅन्सर हा शब्द आमच्या घरात कोणीही उच्चारला नाही. मला तेव्हा दिवस गेले होते, पाण्याचा घोटही ठरत नव्हता, म्हणून मी इथेच राहिले. हे त्यांना घेऊन गेले. तिथे त्यांना रेडियम लावलं.

त्या परत आल्या तो दिवस मला स्वच्छ आठवतो. वापीहून आलेली मोटार बाजारात थांबली होती आणि तिथून हे त्यांना बैलगाडीतून घेऊन आले. नुकतंच कापलेलं गवत गाडीत अंथरलं होतं. त्या उतरल्या. खूप वाळल्या होत्या. मी नमस्काराला वाकले तशा त्या झटकन मागे सरल्या.

"थांब. शिवू नकोस मला."

मला वाटलं प्रवासातून आल्यात, आंघोळ व्हायची आहे, म्हणून म्हणतात. पण त्या पुढच्या दाराने घरात आल्याच नाहीत. घराला वळसा घालून मागे गेल्या आणि पडवीत बसल्या. "माझं अंथरूण इथेच घाला," म्हणाल्या. "ही पोटुशी आहे. माझ्या अंगातून काय काय बाहेर पडत असेल, देवाला ठाऊक."

मग त्यांनी मुंबईचं सांगितलं. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, त्या पडवीच्या पार दुसऱ्या टोकाला. त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. हलायचं नाही, कुशीवर वळायचं नाही. नर्सबाई यायची ती जेवणाचं ताट ठेवून घाईघाईने निघून जायची. काही विचारलं तर शिशाच्या पडद्याआड उभी राहून उत्तर द्यायची. "पोरगी चांगली होती गं. हसून बोलायची. पण पाय दाराकडेच असायचे तिचे. मी म्हटलं, बाई गं, मी काय वाघ आहे? तर म्हणाली, आजी, तुम्ही नाही, तुमच्या आत ठेवलंय ते." मग सासूबाई अगदी हळू म्हणाल्या, "ज्या जागी हा वसंता वाढला ना, तिथेच ठेवलं होतं."

माझा हात नकळत माझ्या पोटावर गेला. त्यांनी ते पाहिलं आणि तोंड फिरवून शेताकडे बघायला लागल्या.

ह्यांनी त्यांना परोपरीने समजावलं. "आई, ते काम झाल्यावर काढून घेतात. डॉक्टरांनी मला सांगितलंय. आता तुझ्या अंगात काही नाही."

"तू पाहिलंस काढताना?"

ह्यांनी ते पाहिलेलं नव्हतंच. कोणालाही त्या खोलीत जाऊ देत नसत.

त्या प्रश्नाने ह्यांच्या मनात घर केलं. आईला शहाणपण शिकवणारा माणूस दोन-चार दिवसांतच स्वतः विहिरीवर, वाटेत, ताटावर गप्प होऊ लागला. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "डॉक्टरांचं खरंच असणार. पण सुधा, त्याचा एक कणसुद्धा आत राहिला असेल तर? तो हजार वर्षं किरण सोडत राहील. वास नाही, आवाज नाही, रंग नाही. बीटा किरण म्हणजे नुसते इलेक्ट्रॉन. तेच, मी तुला सांगायचो ते. आपल्याला कळायचंसुद्धा नाही." ज्या कणाबद्दल बोलताना त्यांच्या तोंडावर उजेड पडायचा, त्याचं नाव घेताना आता त्यांचा आवाज चोरासारखा खाली जायचा.

शेजारी मणिबेन होत्या, किराणा दुकानवाल्यांची बायको. मायाळू बाई. रोज सकाळी ताकाचा लोटा द्यायच्या. त्या आता कुंपणापलीकडूनच विचारायला लागल्या, "बेन, ए रेडियम तो अंधारामां चमके ने? बा पण चमके छे?" सासूबाईही अंधारात चमकतात का, असं. थट्टा नव्हती ती. त्यांना खरोखरच भीती वाटत होती. ताकाचा लोटा कुंपणाच्या खांबावर ठेवून त्या परत जायच्या, आणि आमच्याकडून परत आलेला लोटा राखेने घासून घ्यायच्या. मी त्यांना दोष देत नाही. तिन्हीसांजेला दिवे लागायच्या आधी मीही पडवीकडे बघायची. करड्या उजेडात सासूबाईंचं पांढरं लुगडं तेवढं दिसायचं, आणि ते उजळतंय की काय असं वाटून मी घाईघाईने दिवा लावायची.

दिवाळी अशीच गेली. त्यांनी फराळाच्या पिठाला हात लावला नाही. पडवीतून सांगायच्या, "मोहन जास्त झालं, चकली मोडेल बघ." आणि चकली मोडायची. ज्या बाईने मला हाताला धरून स्वयंपाक शिकवला, ती आता माझ्या हाताकडे लांबून बघत होती. त्यांचं ताट मी उंबऱ्यावर ठेवायची आणि मागे सरायची, मग त्या पुढे होऊन घ्यायच्या. एकदा मी ताट ठेवून वळले आणि माझ्या लक्षात आलं, माझेही पाय आधीच दाराकडे वळलेले असतात.

परवा नात अभ्यासाला आली होती. तिला मी विचारलं, "काय गं, शेवटी प्रोटॉनच्या आत काही सापडलं का?" ती म्हणाली, "आजी, कधीच! क्वार्क असतात. तीन." "आणि इलेक्ट्रॉन फोडला का कोणी?" "नाही. तो मूलकणच आहे." आजीला हे कुठून माहीत, म्हणून ती माझ्याकडे टकमक बघत राहिली. मी तिला काही सांगितलं नाही. तिच्यासाठी ते परीक्षेतले गुण आहेत, आणि तसेच राहू देत. पण ती गेल्यावर मनात आलं, ज्याला आकार नाही म्हणतात, ज्याचे तुकडे होत नाहीत, अशा वस्तूने एका घरातली माणसं एकमेकांपासून इतकी लांब नेऊन ठेवावीत! पुस्तकात हे कुठे लिहिलेलं असणार?

दिवाळीनंतर एका रविवारी हे वापीला जाऊन आले. तिथल्या फोटोवाल्याकडून त्यांनी फिल्मचा एक मोठा तुकडा काळ्या कागदात घट्ट गुंडाळून आणला होता. मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाले, "मुलांना मी दर वर्षी शिकवतो, किरणोत्सर्गाचा शोध असाच लागला. काळ्या कागदातून उजेड जात नाही, पण हे किरण जातात. आईच्या अंगात काही असेल तर फिल्म काळी पडेल. नसेल तर कोरी राहील."

"त्यांना सांगणार?"

"नको. आईला काय सांगू? तू घातक आहेस का ते तपासतोय?"

सासूबाई आंघोळीला गेल्या तेव्हा ह्यांनी तो तुकडा त्यांच्या गादीच्या खोळीत, उशीखाली, सरकवला. मी दारात उभी राहून मोरीकडे लक्ष ठेवून होते. पाणी ओतल्याचा आवाज येत होता आणि मला वाटत होतं, आपण या घरात चोरी करतो आहोत.

पुढचे दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. त्या उशीवर डोकं टेकायच्या तेव्हा मी दुसरीकडे बघायची. पुढच्या रविवारी हे तो तुकडा धुऊन घ्यायला वापीला गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा मी दारातच होते. चपला न काढता ते खाली बसले आणि फिल्म माझ्या हातात दिली. खिडकीच्या उजेडात मी ती धरली. मध्यभागी काळसर डाग होते. एक नाही, अनेक. गोल रिंगणात बसल्यासारखे, आणि रिंगणाच्या आत दोन तिरक्या रेघा.

"हे काय आहे?"

"मला माहीत नाही," हे म्हणाले. त्यांच्या तोंडून हे शब्द मी तोवर ऐकले नव्हते. "पण काहीतरी आहे, सुधा. आहे."

त्या काळ्या डागांपैकी एखादा माझ्या बाळावर कुठे उमटला असेल, हाच एक विचार मनात घुमत राहिला. हात, पाय, डोळा? ह्यांनी तिथल्या तिथे ठरवलं की सकाळच्या मोटारीने मला दापोलीला पोचवायचं आणि मग आईला पुन्हा मुंबईला न्यायचं. मी ट्रंक काढली. कपडे भरताना माझे डोळे सारखे भरून येत होते.

ट्रंकेचा आवाज पडवीत गेला असावा. सासूबाई उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या. घरी आल्यापासून त्या इतक्या जवळ प्रथमच आल्या होत्या.

"सुधा कुठे निघाली?"

मी ट्रंकेचं झाकण लावलं.

"वसंता, मी विचारतेय. काय झालंय?"

ह्यांचा धीर सुटला. लहान मुलासारखे रडत त्यांनी सगळं सांगितलं. फिल्म, उशी, डाग. सांगताना आईच्या तोंडाकडे बघणं त्यांनी टाळलं. मला वाटलं, आता या कोसळतील. पोटच्या मुलाने आपल्या अंथरुणाखाली असलं काही ठेवावं! पण त्या म्हणाल्या, "आण इकडे, बघू."

मी फिल्म उंबऱ्यावर ठेवली. त्यांनी ती उचलून मावळतीच्या उजेडात धरली. किती तरी वेळ त्या बघत होत्या. मग पडवीत गेल्या, गादी उलटली, उसवलेल्या शिवणीत दोन बोटं घातली आणि आतून रुमालाची एक पुरचुंडी काढली. पुरचुंडीत मामंजींचं मनगटी घड्याळ होतं.

माझे सासरे मुंबईच्या गोदीत रात्रपाळीला असत. अंधारात वेळ दिसावी म्हणून त्यांनी ते रेडियमच्या आकड्यांचं घड्याळ घेतलं होतं. ते गेले तेव्हापासून घड्याळ बंद होतं. आकड्यांचं चकाकणंही कधीच विझलेलं. ते सासूबाई गादीत घालून झोपतात, हे ह्यांनाही ठाऊक नव्हतं.

सासूबाईंनी घड्याळ फिल्मवर ठेवलं. डागांवर आकडे बसले. दोन रेघांवर दोन काटे बसले.

"हे माझं नाही रे," त्या म्हणाल्या. "हे यांचं आहे."

हे हसायला लागले आणि हसताहसता पुन्हा रडायला लागले. आकड्यांवरचा लेप जुना झाला की चमक जाते, पण त्यातलं रेडियम जात नाही, हे त्यांना पाठ होतं. फक्त ते आपल्या घरात, आपल्या आईच्या उशाशी असेल, असं कधी मनातही आलं नव्हतं.

मला वाटलं सुटलो. पण भीती अशी एका झटक्यात कुठे जाते? तिने नुसती जागा बदलली. सासूबाईंनी घड्याळाकडे बघत विचारलं, "इतकी वर्षं उशाशी घेऊन झोपले मी. म्हणून तर मला हे झालं नसेल?"

"नाही आई. अगदी थोडं असतं त्यात."

"खात्री आहे?"

वर्गातल्या कुठल्याही मुलाच्या प्रश्नाला उत्तर देणारे हे म्हणाले, "खात्री नाही. पण मला तसं वाटत नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. खोटा धीर दिला नाही, हे त्यांना बरं वाटलं असावं. त्यांनी घड्याळ पुन्हा रुमालात गुंडाळलं, क्षणभर मुठीत धरलं आणि मुलापुढे केलं. "ने हे. पोरीपासून लांब ने." ह्यांनी ते शिशाच्या पत्र्यात बांधून शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात ठेवलं. बरीच वर्षं ते तिथेच होतं. पुढे शाळेची इमारत बदलली तेव्हा ते कुठे गेलं, ते कोणालाच सांगता आलं नाही.

पण सासूबाईंच्या अंगात काही आहे की नाही, हा प्रश्न तसाच राहिला होता. या वेळी दुसरा तुकडा त्यांनी स्वतः गादीखाली ठेवून घेतला. "नीट ठेव, कमरेखाली ठेव," असं ह्यांना सांगत होत्या. माझी ट्रंक भरलेलीच होती. फिल्मचं उत्तर येईपर्यंत मी पुढच्या खोलीत आणि त्या पडवीत, असं आम्ही राहिलो. खडोलीच्या बाजूला खळी सुरू झाली होती. भात झोडपल्याचा आवाज वाऱ्याबरोबर यायचा, आणि मी त्या आवाजावर मन लावून बसायची, म्हणजे दुसरं काही ऐकू येऊ नये.

पुढचं आधीच सांगून टाकते. फाल्गुनात मला मुलगी झाली. सगळी बोटं होती, दोन्ही डोळे होते. मी किती वेळा पाहिलं असेल! ती आजीचं बोट धरून चालली. आजीनेच तिला बोलायला शिकवलं. मग एका पावसाळ्यात आजार पुन्हा उलटला आणि या वेळी रेडियमचा उपयोग झाला नाही. आम्ही त्या वर्षी न दिसणाऱ्या कणांना इतके भ्यालो, आणि जे खरं भ्यायचं होतं ते त्यांच्या आत मुकाट्याने आपलं काम करत होतं. तरी मधली ती दोन-तीन वर्षं आम्हाला मिळाली. रेडियमनेच दिली, असं हे शेवटपर्यंत म्हणायचे.

आणि ती दुसरी फिल्म. हे वापीहून आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. सासूबाई अंगणात उभ्या होत्या. मी पडवीच्या खांबाला धरून. ह्यांनी फिल्म आईच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांसमोर धरली, उलटली, पुन्हा धरली.

"वसंता, यात तर काहीच नाही. पलीकडचं सगळं दिसतंय."

"हो आई. काहीच नाही."

त्यांनी फिल्म खाली केली. आल्यापासून त्यांनी माझ्याकडे असं सरळ पाहिलं नव्हतं. मग हळूहळू पायऱ्या चढून त्या पडवीत आल्या, माझ्या पुढ्यात पाठ करून बसल्या, आणि केसांची गाठ सोडली.

"सुधा, किती दिवसांत कोणाचा हात लागला नाही बघ. जरा वेणी घालून दे."

मी फणी आणली. मागे बसले. मानेवर त्यांचे केस हातात घेतले आणि माझी बोटं थरथरायला लागली. मला थांबवता येईना. त्यांना ते मानेवर कळलं असणार.

"भीती वाटते?"

"हो."

"मलाही," त्या म्हणाल्या. "पण तू थांबू नकोस."

मी वेणी घालत राहिले.